सांधा स्वस्त झाला, आता हात घडवा

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. आता प्रश्न आहे तो हे सांधे बसवणाऱ्या हातांचा. अस्थिरोगशास्त्रातील एम.एस.च्या तीन वर्षांत सरकारी रुग्णालयातला निवासी डॉक्टर अपघातात मोडलेली हाडे जोडण्यात तरबेज होतो. मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या वृद्धांचा अर्धा खुबा बदलण्याचा सरावही त्याला मिळतो. संपूर्ण खुबा किंवा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रिया मात्र मोठ्या प्रमाणावर खासगी रुग्णालयांत होतात. त्या त्याच्या वाट्याला कमीच येतात.

आपल्याकडचे रुग्णही सोपे नसतात. गुडघे पार वाकल्यावरच अनेक जण येतात. रक्तपुरवठा तुटून खुबा निकामी झालेले कित्येक जण ऐन तिशी-चाळिशीतले असतात. हाडाचा छेद काही अंशांनी चुकला किंवा खुब्याची वाटी तिरकी बसली, तर सांधा लवकर झिजतो किंवा निखळतो. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण आणि महाग असते.

म्हणूनच आधी कृत्रिम हाडांवर आणि मृतदेहांवर सराव, मग सांधेरोपण जास्त होणाऱ्या केंद्रात सक्तीची नेमणूक, असा क्रम हवा. नोंदवहीत ‘पाहिली’, ‘मदत केली’, ‘देखरेखीखाली केली’ अशी स्वच्छ वर्गवारी असावी. निवासी डॉक्टरांना जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांची सेवा सक्तीची करता येते, तर सांधेरोपण केंद्रातली नेमणूकही जमेल. शिकाऊ डॉक्टरचा सहभाग रुग्णाला आधी सांगणेही बंधनकारक हवे. शिकणाऱ्याने कापलेला पहिला गुडघा जिवंत माणसाचा नसावा, याची हमी वैद्यकीय शिक्षण खात्याने द्यावी.