देवीची दुसरी शाल

माझ्या दंडावर देवी टोचल्याचे दोन वण अजून आहेत. आत्याचे मात्र सारे तोंडच देवीच्या वणांनी भरलेले होते. त्यापायी तिचे लग्न लांबले, हे घरात कोणी बोलत नसे. ठाऊक सर्वांना होते.

तर वाचकहो, हा विषाणू दिसतो विटेसारखा. लांबी मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाएवढी! पण खरी गोम त्याच्या पांघरुणात. लशीतला व्हॅक्सिनिया हा त्याचा चुलतभाऊ. त्याच्यावरून हे कळले. पेशीत तयार होणारे बहुतेक कण एकाच पापुद्र्याचे. हे चिवट, पेशी फुटली की बाहेर पडतात, आणि माणसामाणसांत रोग नेतात ते मुख्यतः हेच. थोड्या कणांना मात्र पेशी आपल्याच पापुद्र्यात पुन्हा गुंडाळते. (घरभेदीपणा म्हणतात तो हाच!) ही दुसरी शाल नाजूक, पण ती पांघरलेले कण पेशी न फोडताच बाहेर येतात. मग पेशीतले ॲक्टिन नावाचे प्रथिन शेपटीसारखे वाढून त्यांना शेजारच्या पेशीकडे ढकलते. अंगभर पसरतात ते हे शालवाले.

मेलेल्या विषाणूंची लस फसली ती यामुळेच. तिच्यात असत एकपदरी कण. शाल शरीराला ओळखूच येईना. जिवंत लस दंडात वाढते, दोन्ही रूपे दाखवते. २०१८ साली अमेरिकेत मान्य झालेले टेकोविरिमॅट ही शालच पांघरू देत नाही. तरी काँगोतल्या एमपॉक्सच्या चाचणीत त्याने व्रण लवकर बरे झाले नाहीत, असे २०२४ साली दिसले.

देवी जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले. आत्याने ती बातमी मला दोनदा वाचायला लावली.