पाहुणचार आणि बाजाराची वाट

नांदेडचा देगलूर नाका असो वा लातूरची गंजगोलाई, रमजानमध्ये अस्रनंतर भज्यांच्या कढया तापू लागतात. २०२२ मध्ये त्या कढईतले तेल महागले. सूर्यफुलाचे बहुतांश तेल आपण युक्रेन आणि रशियाकडून घेतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध पेटले आणि ती आवक अडली. मागणी सोयाबीनकडे वळली. आपल्या सोयाबीन उत्पादकाला चार पैसे जास्त मिळाले, हे चांगलेच झाले. पण तेल विकत आणणाऱ्या घराचा महिन्याचा हिशेब बिघडला.

त्याच युद्धाने लाखो युक्रेनी घराबाहेर काढले. एकट्या पोलंडमध्ये २५ लाखांहून अधिक लोक आले. त्यांतल्या अनेकांना सामान्य कुटुंबांनी आपल्या घरात जागा दिली. पण महागाई तिथेही होती. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२२ पासून घरगुती वीज-गॅसच्या दरांची मर्यादा ५४ टक्क्यांनी वाढली. तिथल्या सरकारने यजमान कुटुंबाला महिना ३५० पौंड देऊ केले. पोलंडमध्ये तेव्हा माणशी दिवसाला ४० झ्लॉटी मिळत. पहिले आठ दिवस माणुसकीवर निघतात. पुढे किराण्याचे बिल येते, आणि चुलीपुढचे काम बहुधा घरातल्या बाईवरच वाढते. यजमानाला मदत देणे म्हणजे माणुसकीची किंमत लावणे नव्हे. ती टिकवण्याची ती सोय आहे.

इस्लामच्या इतिहासात हा प्रश्न इ.स. ६२२ मध्येच आला. मक्केहून सर्वस्व सोडून आलेले मुहाजिर मदिनेत पोहोचले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी एकेका मुहाजिराला एकेका अन्सारचा भाऊ ठरवून दिले. भार कोणा एका घरावर पडला नाही, वाटला गेला. हजरत साद बिन रबी यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांनी त्यांना दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. तूप आणि पनीर विकून ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. युरोपीय संघाने ४ मार्च २०२२ रोजी युक्रेनी निर्वासितांना राहण्याबरोबर काम करण्याचाही हक्क दिला, त्यात हेच शहाणपण आहे.

आपल्या महाराष्ट्रालाही हे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात राहिले. तेव्हाचे पाहुणे पोलंडचे होते, आज पोलंड यजमान आहे. पोलिश गेल्यावर त्याच जागी फाळणीत उजाडलेली सिंधी कुटुंबे आली. ती जागा म्हणजे आजचे गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. निर्वासितांना काम करण्याची मुभा मिळाली की काय घडते, ते तिथे जाऊन पाहावे.

युक्रेनी कुटुंब आपल्या दारी येणार नाही. पण दुष्काळाने, कर्जाने किंवा दंगलीने गाव सोडलेले एखादे कुटुंब आपल्याच गल्लीत नातलगाच्या दोन खोल्यांत राहत असते. जकातीच्या हकदारांत कुरआनने वाटेत अडकलेल्या मुसाफिरालाही धरले आहे. आपण इफ्तारचे ताट त्या पाहुण्याला देतो. या ईदआधी तेलाचा एक डबा त्याला ठेवून घेणाऱ्या घरातही पोहोचवावा, आणि पाहुण्याला कुठे काम मिळेल, याची चौकशी करावी. त्यासाठी रोजा असलाच पाहिजे, असेही नाही.