परदेशगमनाची पूर्वतयारी

परदेशी शिक्षणास निघणे म्हणजे केवळ विमानाचे तिकीट काढणे नव्हे, असे आम्हांस वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पाहा. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. परंतु मुदत सरताच १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी तोकडी नव्हती, द्रव्य तोकडे पडले. मग सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे साह्य व मित्राचे कर्ज घेतले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. पदवी मिळविली.

आज सामरवरणीच्या विद्यार्थ्यासही एका सत्रापुरते परदेशी जाण्याची आकांक्षा धरता येते. सत्र लहान, म्हणून तयारीही लहान, हा समज मात्र घातक होय. चार-सहा महिन्यांत चूक निस्तरण्यास अवधीच उरत नाही. यास्तव, विद्यार्थिमित्रहो, वर्षभर आधी पारपत्र काढा. तेथील विषय येथे ग्राह्य धरले जातील, असे आपल्या महाविद्यालयाकडून लेखी घ्या. आणि कर्जाच्या कागदावर वडिलांची सही होण्यापूर्वी खर्चाचा संपूर्ण हिशेब घरी मांडा.