किडनी निकामी होतेय, पण कशामुळे? उद्दानमच्या ३० वर्षांच्या शोधाची गोष्ट

आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला, ओडिशाला लागून श्रीकाकुलम जिल्हा आहे. त्यातल्या किनारी पट्ट्याला उद्दानम म्हणतात. नारळ, काजू, भातशेती, जवळच समुद्र. कोकणातल्या माणसाला ओळखीचा वाटेल असा हा भाग.

पण १९९० च्या दशकापासून इथल्या डॉक्टरांना एक गोष्ट खटकत होती. किडनी निकामी झालेले रुग्ण एकामागून एक येत होते आणि त्यातल्या बहुतेकांना ना मधुमेह होता, ना पूर्वीपासूनचा उच्च रक्तदाब. एरवी किडनी खराब होण्याची हीच दोन मोठी कारणं असतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उद्दानममधल्या २,२१० जणांची तपासणी केली होती. त्यात साधारण १८ टक्के लोकांना दीर्घकालीन किडनीविकार असल्याचं दिसलं आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांमध्ये नेहमीचं कोणतंच कारण सापडलं नाही. अशा आजाराला डॉक्टर 'सीकेडीयू' म्हणतात. शेवटचा 'यू' म्हणजे 'अननोन', अर्थात अज्ञात.

कारण शोधणं इतकं अवघड का?

पहिली अडचण किडनीचीच. ती तक्रार करत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, तोवर अनेकदा निम्मी क्षमता गेलेली असते. म्हणजे आज सापडलेल्या आजाराची सुरुवात १०-१५ वर्षांपूर्वीची असू शकते. आज विहिरीचं पाणी तपासलं, तर आजचं पाणी कळतं. तेव्हा त्यात काय होतं, हे नाही.

दुसरी अडचण तुलनेची. गावातले सगळे एकाच भूजलावर जगतात, त्याच उन्हात राबतात, तीच औषधं फवारतात. मग आजारी माणसाची तुलना कुणाशी करायची?

त्यामुळे संशयितांची यादी लांबते. पाण्यातली सिलिका, फ्लोराईड, जड धातू, कीटकनाशकं, उष्णता, अंगदुखीसाठी घेतलेल्या पेनकिलर, आनुवंशिकता. यातली दोन-तीन कारणं मिळून काम करत असण्याचीही शक्यता आहे.

असं कोडं कधी सुटलंय का?

हो, पण त्याला अर्धं शतक लागलं. १९५० च्या दशकात बल्गेरिया, सर्बिया, क्रोएशिया अशा देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांमध्ये असाच आजार दिसला. धागा मिळाला तो १९९० च्या दशकात, तोही दूरच्या ब्रसेल्समध्ये. वजन कमी करण्यासाठी एक चिनी वनौषधी घेतलेल्या महिलांच्या किडन्या तशाच पद्धतीने खराब झाल्या होत्या. त्या वनस्पतीच्या जातकुळीतलं एक तण बाल्कन गावांच्या गव्हाच्या शेतात उगवत होतं आणि त्याचं बी पिठात जात होतं. २००७ मध्ये क्रोएशियातल्या रुग्णांच्या पेशींमध्ये त्या विषाच्या खुणा सापडल्या.

घाई केली तर काय होतं?

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातही १९९० च्या दशकापासून भातशेतकऱ्यांमध्ये हा आजार वाढला. २०१४ मध्ये काही संशोधकांनी ग्लायफोसेट हे तणनाशक आणि जड पाणी यांचा संबंध असावा, असं गृहीतक मांडलं. गृहीतक म्हणजे तपासून पाहायची शक्यता, पुरावा नव्हे. तरीही २०१५ मध्ये सरकारने ग्लायफोसेटवर बंदी घातली. २०१८ मध्ये चहा आणि रबरासाठी ती शिथिल करावी लागली. याचा अर्थ ते तणनाशक निर्दोष ठरलं असा नाही. पण आरोपी ठरवून टाकला की बाकीच्या संशयितांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.

मग पुरावा मिळेपर्यंत थांबायचं?

इथे मध्य अमेरिकेचं उदाहरण कामाचं आहे. २००२ मध्ये एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी किनारी भागातल्या शेतमजुरांमधल्या अशा रुग्णांची नोंद केली. पुढे २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं, की समुद्रसपाटीलगत उसाच्या शेतात राबणाऱ्यांमध्ये आजार जास्त आहे, पण सुमारे ५०० मीटर उंचीवरच्या थंड भागातल्या ऊसमजुरांमध्ये कमी. पीक तेच, काम तेच, ऊन वेगळं. यामुळे उष्णता आणि शरीरातलं पाणी कमी होण्याकडे संशय वळला.

सगळी उत्तरं मिळालेली नव्हती. तरी निकाराग्वातल्या एका साखर कारखान्यात मजुरांना पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती द्यायला सुरुवात झाली. ती वाढवत नेल्यावर हंगामात किडनीला होणारी इजा कमी झाल्याचं मोजमापात दिसलं. यात दोन गोष्टी साधल्या. मजुरांचं नुकसान कमी झालं आणि कारणाबद्दलचा पुरावाही वाढला.

उद्दानममध्ये आता काय?

२०१९ पासून डायलिसिसवरच्या रुग्णांना महिन्याला १०,००० रुपये पेन्शन सुरू झालं. डिसेंबर २०२३ मध्ये पलासाला २०० खाटांचं किडनी रुग्णालय आणि संशोधन केंद्र सुरू झालं. त्याच वेळी हिरमंडलम जलाशयातून नळाने पाणी देणाऱ्या, सुमारे ७०० कोटींच्या योजनेचं उद्घाटन झालं.

पाणी दोषी आहे हे सिद्ध झालेलं नाही. तरी नळाचं पाणी देणं योग्यच आहे, कारण स्वच्छ पाण्याने कुणाचं वाईट होत नाही. पण ही योजना एक मोठी संधीही आहे. नळाचं पाणी पिणाऱ्या तरुणांचं क्रिएटिनिन दरवर्षी मोजत राहिलं, तर दहा वर्षांनी कळेल की नवे रुग्ण घटले की नाही. घटले नाहीत, तर शोध दुसरीकडे वळवावा लागेल. मोजलंच नाही, तर ७०० कोटी खर्चूनही प्रश्न तिथेच राहील.

हा धडा आपल्याही जवळचा आहे. मराठवाड्यातून लाखो ऊसतोड कामगार दरवर्षी कारखान्यांच्या भागात जातात. मजुरी टनावर, म्हणजे सावलीत बसलेला प्रत्येक तास पैसे कमी करणारा. त्यांच्यातही हाच आजार आहे असं म्हणायला आज आधार नाही. पण हंगामाआधी आणि हंगामानंतर रक्ताची एक साधी तपासणी करायला आधी रुग्णांची रांग लागायची वाट कशाला बघायची? उद्दानममध्ये ती रांग लागल्यावरच शोध सुरू झाला होता.