व्हॅल्प्रोएटवर निर्बंध : तुमच्या घरात ही गोळी असेल तर
जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये ५५ वर्षांखालील रुग्णाला, स्त्री असो वा पुरुष, सोडियम व्हॅल्प्रोएट नव्याने सुरू करायचे तर दुसरा पर्याय लागू पडत नाही यावर दोन तज्ज्ञांचे एकमत लागते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मूल होण्याच्या वयातील मुली व महिलांना हे औषध देऊ नये, असे सांगितले.

औषध निकामी आहे म्हणून हे झालेले नाही. काही प्रकारच्या फिट्सवर त्याच्याइतका चांगला उपाय आजही नाही; बायपोलर आजारातही ते वापरतात. अडचण गर्भाची आहे. गरोदरपणात हे औषध चालू असेल तर साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन असते. शिवाय ३० ते ४० टक्के मुलांमध्ये बोलणे, शिकणे, वागणे यांत अडचणी दिसतात. डोस जितका जास्त, तितका धोका जास्त.

बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत ते दिवस जवळपास संपलेले असतात. फॉलिक ॲसिड घ्यावेच, पण त्याने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही.

म्हणून हा विषय लग्नाआधी निघायला हवा. आपल्याकडे नेमका तेव्हाच तो दडवला जातो. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचे कारण १९९९ मध्येच हिंदू विवाह कायद्यातून वगळले गेले, तरी सासरी कळू नये म्हणून मुली गोळ्या लपवून घेतात आणि जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालू ठेवतात. त्या चिठ्ठीवरचा डॉक्टर तिला पुन्हा भेटलेलाच नसतो.

पाकिटावर 'व्हॅल्प्रोएट' किंवा 'डायव्हालप्रोएक्स' लिहिले आहे का, पाहा. असेल तर गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका. अचानक थांबवल्यास फिट्सचा असा झटका येऊ शकतो की आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतेल. दिवस गेले असतील तरीही हेच, फक्त त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटॅम अशी तुलनेने सुरक्षित औषधे आहेत, पण बदल हळूहळू, काही आठवडे ते महिने घेऊन करावा लागतो.

पुरुषांबाबतचा पुरावा अजून कच्चा आहे. तरीही मूल हवे असेल तर तीन महिने आधी डॉक्टरांशी बोला.