आज शाळेत पाठवू की घरी ठेवू?



नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या आपल्या वस्त्यांत एक प्रश्न कितीतरी घरांत भल्या पहाटे उभा राहतो. तो कुठल्या सभेत येत नाही, कुठल्या ठरावात येत नाही. घरात सिकलसेलचे लेकरू आहे. रात्रभर त्याचे पाय दुखले, आईने तेल लावून चोळून दिले, पहाटे कुठे डोळा लागला. शाळा सातची. उठवायचे की निजू द्यायचे? बापाला कामावर निघायचे आहे. आईला दोन घरची धुणीभांडी आहेत किंवा बांधकामावरची रोजी आहे. लेकरू घरी राहिले की तिचाही खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. एक माय आम्हांला म्हणाली, "पाठवलं तं भेव वाटते, घरी ठेवलं तं शाळा बुडते. तुमीच सांगा आता काय करू ते." तिच्याशी जे बोललो तेच आज जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आधी घरातला तपासणीचा कागद काढून पाहा. त्यावर 'एएस' लिहिले असेल तर लेकरू वाहक आहे, आजारी नाही. त्याने शाळेत जावे, धावावे, कबड्डी खेळावी. सिकलसेलसाठी त्याला घरी ठेवण्याचे काही कारण नाही. 'एसएस' लिहिले असेल तर लेकराला आजार आहे आणि पुढचे सारे त्याच्यासाठी आहे. हा फरक न कळल्यामुळे धडधाकट वाहक पोरे "सिकलसेलवाला" म्हणून घरात बसवलेली आम्ही पाहिली आहेत. कागद वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे रक्त पोचत नाही तिथे असह्य दुखते. थंडी, पावसात भिजणे, पाणी कमी पिणे, अति दमणूक आणि ताप यांनी हे दुखणे उसळते. यात कोणाचे पाप नाही, आईच्या दुधाचा दोष नाही, कोणी केलेली करणी तर नाहीच नाही. ज्या मुलखात मलेरिया फार, तिथे वाहक माणूस मलेरियातून तगून राहत असे, म्हणून पिढ्यान् पिढ्या हा गुण तिथल्या लोकांत टिकला. आपल्यात आहे, आदिवासी बांधवांत आहे, इतर समाजांतही आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच यावर लिहिले होते. तेव्हा लपवण्यासारखे यात काही नाही, आणि शाळेपासून तर मुळीच लपवू नये. "मुलीचे लग्न जमणार नाही" म्हणून आजार झाकून ठेवतात आणि वर्गात पोरगी कळवळली की शिक्षिकेला वाटते, नाटक करते आहे.

आता मूळ प्रश्न. आमचे म्हणणे असे की घरी ठेवायचे की पाठवायचे हे वर्षासाठी ठरवू नये. ते त्या त्या सकाळी, लेकराकडे पाहून ठरवावे.

अंगात ताप असेल तर शाळा नाही. पण घरी निजवून ठेवणेही नाही. त्याच दिवशी डॉक्टर. सिकलसेलच्या लेकराची प्लीहा नीट काम करीत नाही, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. छातीत दुखून दम लागत असेल, पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगून लेकरू पांढरेफटक पडले असेल, बोलणे अडखळत असेल, एका बाजूचा हातपाय लुळा वाटत असेल, तर सरळ रुग्णालय गाठावे. रोजीचा विचार त्या दिवशी करू नये. मुलग्यांना कधी लघवीच्या जागी दुखरा ताठरपणा येतो आणि तो तासन्तास उतरत नाही. पोरे लाजेने सांगत नाहीत. बापाने आधीच समजावून ठेवावे की असे झाले तर लगेच सांगायचे, हासुद्धा या आजाराचाच भाग आहे.

दुखणे नेहमीचे, सोसण्याजोगे असेल, ताप नसेल, लेकरू चालत असेल, पोळी-भाजी खात असेल, तर भरपूर पाणी पाजून, डॉक्टरांनी ठरवून दिलेली दुखण्याची गोळी देऊन, ऊबदार कपडे घालून पाठवायला हरकत नाही. मधल्या सुट्टीपर्यंत बसले तरी पुष्कळ. दुखऱ्या जागी शेक द्यावा, बर्फ कधीही लावू नये. आणि डोळे पिवळे दिसले म्हणून कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ नये. या आजारात डोळ्यांत पिवळेपणा बऱ्याचदा असतोच. नेहमीपेक्षा वाढला तर दवाखाना दाखवावा. माळ बांधून तो उतरत नाही, औषधाचे दिवस तेवढे वाया जातात.

दुखण्याचे दिवसच कमी व्हावेत यासाठी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासून ते रोज घ्यावे लागते. बरे वाटले की घरची मंडळी ते बंद करतात आणि महिन्याभरात लेकरू पुन्हा खाटेवर. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. न्यूमोकोकलची लस झाली आहे का तेही तिथेच विचारा. मोठ्या मुलांची ती बरेचदा राहून गेलेली असते.

आम्हांला खरी धास्ती वाटते ती एकेका खाड्याची नव्हे, खाड्यामागून येणाऱ्या खाड्यांची. चार दिवस घरी राहिले, मग पुस्तक मागे पडले म्हणून जायला लाजले, मग "या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी पाहू" असे कोणीतरी म्हणाले. त्यातही मुलगी असली तर हे वाक्य लवकर येते. आणखी एक हिशेब आपण कधीच मांडत नाही. धाकटा भाऊ आजारी पडला की आईची रोजी बुडू नये म्हणून थोरल्या बहिणीला घरी बसवतात. आजार एकाचा, शाळा दोघांची जाते. आजी, शेजारची काकू, विहारात दुपारी जमणाऱ्या महिला यांच्यात पाळी लावता येणार नाही का? वंदनेला चाळीस बाया जमतात त्या वस्तीत दुपारभर एका लेकराजवळ बसायला कोणी मिळत नाही, हे आम्हांला पटत नाही.

घरी ठेवलेल्या दिवशी वर्गातल्या शेजारच्या मुलाकडून वही मागवावी. पडल्या पडल्या पान-दीड पान लिहिले तरी दुसऱ्या दिवशी लेकरू वर्गात मान खाली घालून बसत नाही.

शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात आईबापांनी मुख्याध्यापकांना भेटावे आणि डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडून अर्ज द्यावा. अर्जात साध्याच गोष्टी मागायच्या आहेत. बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्यावी आणि तासाच्या मध्येही पिऊ द्यावे. लघवीला जाऊ द्यावे, कारण या मुलांना वारंवार लागते. काही मोठेपणीही अंथरूण ओले करतात, त्यात त्यांचा आळस नसतो. कवायतीत दमेपर्यंत धावायला लावू नये, उन्हात उभे करू नये, थंड फरशीवर बसवू नये, हिवाळ्यात गणवेशावर स्वेटर चालू द्यावा. शाळेत दर आठवड्याला वाटतात त्या लोहाच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. दुखायला लागले तर कोणाला फोन करायचा तो नंबर वर्गशिक्षिकेकडे असावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पाण्याची गोष्ट मुद्दाम पहिली घातली. साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला तर बालपणी बाबासाहेबांना दिवसभर पाण्यावाचून राहावे लागे, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. आपल्या लेकराला आज कोणी नळापासून अडवत नसेलही, पण "तास संपल्यावर पी" एवढे म्हटले तरी या लेकराचे दुखणे सुरू होऊ शकते. हे शिक्षकांना समजावून सांगितले तर बहुतेक जण ऐकतात असा आमचा अनुभव आहे.

न ऐकणारेही भेटतात. एका शाळेत बापाला सांगितले गेले, "कशाला त्रास देता लेकराला? घरीच ठेवा, परीक्षेपुरते आणा." दयेच्या भाषेत नाव काढायला लावण्याचा हा प्रकार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. घरी शिकण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आणि तोही निवडीचा हक्क म्हणून आहे. शाळेने लादायची गोष्ट ती नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ४० टक्के किंवा अधिक लिहून मिळाले तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

सकाळच्या शाळेबद्दल एक सांगायचे राहिले. चौथीपर्यंतचे वर्ग ९ किंवा त्यानंतर भरवावेत असे शासनाने २०२४ मध्ये कळवले आहे. पाचवीपासून पुढच्यांना मात्र नागपूरच्या पौष-माघाच्या थंडीत सातला बाहेर पडावे लागते. दुपारच्या पाळीची तुकडी असेल तर अर्जात तीच मागावी. नसेल तर त्या दोन महिन्यांत उशिरा येण्याची परवानगी मागावी.

दहावीच्या मुलांसाठी तर कागदांची फाइल जूनपासूनच लावा. मंडळाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणामुळे कमी भरली तर वैद्यकीय दाखल्यांवर सूट मागता येते, पण दाखले त्या त्या वेळचे हवेत. मार्चमध्ये धावपळ करून मागच्या ऑगस्टचा दाखला मिळत नाही. परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर तोही अर्ज प्रमाणपत्रासह शाळेमार्फत आधीच जावा लागतो. शाळा सुटलीच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. आणि लेकराला तपासणीला न्याल त्याच फेरीत त्याच्या भावंडांचेही रक्त तपासून घ्या. आईबाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते.