पायी चालणाऱ्यांची वाट

चैत्री यात्रेसाठी जळगाव-धुळ्याकडील हजारो भाविक मालेगाव, देवळा, कळवणमार्गे सप्तशृंग गडाकडे पायी निघतात. पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो. एका बाजूस भरधाव मालमोटारी, पायांखाली तापलेले डांबर. अन्नपाण्याची सोय गावोगावचे दाते करतात. वाटेची निगा मात्र दुर्लक्षित राहते.

कारण उघड आहे. चालणारे खानदेशचे, पण धुळ्यापुढील बहुतेक वाट नाशिक जिल्ह्यातली. लाभ एकाला व खर्च दुसऱ्याला, अशा ठिकाणी सार्वजनिक सेवेची आबाळ होते, हा अर्थशास्त्राचा जुनाच धडा होय.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्यांची कोनशिला बसविण्यात आली, त्या आळंदी व देहूच्या पालखीमार्गांच्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथाची तरतूद आहे. तेच तत्त्व येथेही लावावे. परंतु केवळ बांधकाम पुरेसे नाही. मुरमाची कडपट्टी पावसात धुपते. रोपांना पहिले काही उन्हाळे पाणी घालावे लागते. म्हणून तिन्ही जिल्ह्यांनी संयुक्त निधी उभारून दर फाल्गुनात दुरुस्ती करावी आणि खर्चाचा हिशेब जाहीर करावा. पायी चालणारा पथकर देत नाही हे खरे. परंतु करदाता तोही आहेच.